सहा कमानींचा पूल

ब्रशवाल्या काकूंना मी चाळीस वर्षं ओळखतो आणि त्यातली निदान तीस वर्षं आमचं भांडण चालू आहे. भांडणाला मोठं कारण लागत नाही. त्यांचा ब्रशांचा कारखाना रस्त्याच्या नदीकडच्या बाजूला, माझं पेंटिंगचं दुकान बरोबर समोर. त्यांच्याकडचा लाकडाचा भुसा उडून माझ्या ओल्या रंगावर बसतो आणि माझ्या टर्पेंटाइनच्या वासाने त्यांच्याकडे डोकी दुखतात. एवढं आम्हाला पुरतं.

मी पाट्या रंगवणारा पेंटर. आता पाट्या कोणी रंगवून घेत नाही, सगळे फ्लेक्स छापतात आणि त्यावर स्वतःचे फोटो टाकतात. त्यामुळे मी बहुतेक वेळ दुकानाच्या दारात स्टुलावर बसून असतो आणि समोर बघतो. माझ्या स्टुलावरून डावीकडे नदी दिसते, नदीवरचा जुना दगडी पूल दिसतो आणि समोर काकूंच्या कारखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसतं. या स्टुलामुळे पुढे काय झालं ते सांगायचंय, पण आधी काकू.

कारखाना म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर धुराडी येतात. तसलं काही नाही. एक लांबट खोली, भोकं पाडायचं एक मशीन, तंतू कापून सारखे करायचं दुसरं, तीन कामकरी बायका आणि चौथ्या काकू. लाकडाच्या पाठीला ओळीने भोकं पाडायची, तंतूंचा झुपका दुमडून भोकात घालायचा आणि मागून तार ओवून तो घट्ट ओढून घ्यायचा. एका ओळीला एकच अखंड तार. ऐकायला सोपं वाटतं. मी एकदा करून बघितलं तर तारेने बोट कापलं आणि काकू आठवडाभर हसत होत्या.

हा कारखाना त्यांच्या वडिलांचा. दोन भाऊ शिकले आणि लांब गेले, काकू शिकल्या आणि इथेच राहिल्या. वडील थकले तेव्हा भाऊ म्हणाले, विकून टाकू. काकू तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या, नुकतंच लग्न झालेलं. त्या सरळ वडिलांच्या खुर्चीवर जाऊन बसल्या, त्या आजतागायत उठलेल्या नाहीत. भावांची काय बिशाद होती त्यांना उठवायची.

त्यांची एक सवय मी रोज समोरून बघतो. तयार झालेला प्रत्येक ब्रश त्या हातात घेतात, पक्कडीत एकच झुपका धरतात, ब्रश तेवढ्यावर उचलतात आणि जोरात झटका देतात. झुपका निघून आला तर अख्खी ओळ उसवून पुन्हा करायची. कामकरी बायकांत सगळ्यात जुनी आहे तिला सगळे थोरली म्हणतात. एकतीस वर्षांत तिचे झुपके चार वेळा निघाले. चारही वेळचे वार तिला पाठ आहेत.

आता हे इतकं चांगलं काम, पण गावात ते कोणाला माहीतच नव्हतं. नदीपलीकडे सुताची गिरणी आहे. तिथल्या यंत्रांना लांब ब्रश लागतात, सूत साफ करायला. काकूंचा जवळजवळ सगळा माल पूल ओलांडून गिरणीत जायचा आणि यंत्रांच्या पोटात झिजून संपायचा. गावातल्या बायका कपडे धुवायला बाहेरून आलेला प्लास्टिकचा ब्रश आणायच्या. तो महिन्याभरात टकला झाला की दुसरा आणायच्या.

मग मंदी आली. मंदी कुठून येते ते मला कोणी नीट सांगू शकलेलं नाही. पेपरात मोठमोठे शब्द छापून येत होते. आमच्याकडे ती अशी आली की गिरणी आठवड्यातून तीनच दिवस चालायला लागली, चांभाराकडे नव्या चपला पडून राहिल्या आणि जुन्यांचा ढीग लागला, न्हाव्याकडे माणसं तीन आठवड्यांऐवजी सहा आठवड्यांनी दिसू लागली. काकूंचे यजमान गिरणीत फिटर, त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. ते चार दिवस घरी बसायला लागले. घरी बसलेला फिटर म्हणजे काय ते काकूंनाच विचारा. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातले सगळे नळ खोलले.

त्याच महिन्यात गिरणीतून निरोप आला की पुढची सूचना येईपर्यंत ब्रश पाठवू नयेत. थोरलीने निरोप ऐकला आणि हातातली ओळ पूर्ण केली. मग म्हणाली, "काकू, मला दुसरं काही येत नाही हो." एवढंच. पण ते काकूंना लागलं असणार, कारण त्या दिवशी त्या माझ्याशी भांडल्या नाहीत.

गिऱ्हाईक गेलं तशी जागेवर नजर ठेवणारी माणसं आली. एक शेठ आले, बाहेरचा प्लास्टिकचा माल घाऊक विकणारे. त्यांना नदीकाठी गोदाम हवं होतं. गोड माणूस. चहा प्यायले, छपराकडे बघितलं, म्हणाले, "ताई, भाड्याने द्या. तुम्हाला बसल्या जागी पैसे. दोन महिन्यांनी पहिल्या तारखेला मी किल्ली घ्यायला येतो, तोवर विचार करा."

मिस्त्रींचा विचार तिथल्या तिथे झाला होता. "देऊन टाक," ते म्हणाले. "गिरणी उद्या बंद पडली तर आपण खायचं काय?"

"आणि या तिघींनी?" काकूंनी विचारलं.

मिस्त्रींनी खिशातला पाना काढून पुसायला घेतला. ते वाईट नाहीत, घाबरले होते. त्या दिवसांत कोण घाबरलेलं नव्हतं? मी तर पाट्यांचे उरलेले डबे उघडून रंग सुकला का ते रोज बघायचो.

आता जावईबापूंचा प्रवेश. काकूंची मुलगी दूरच्या मोठ्या शहरात असते आणि तिचा नवरा तिथे लोकांना माल कसा विकायचा ते शिकवतो. स्वतः त्याने आजवर काही विकलेलं नाही, पण शिकवतो चांगलं. त्याने फोनवर सांगितलं, "आई, तुमचा माल गावातच विका. बाहेरच्यापेक्षा थोडा महाग असला तरी चालेल, फक्त लोकांना सांगा की हा आपल्या गावचा आहे. अशा काळात माणसं आपल्या गोष्टींना धरून राहतात. गावाचा अभिमान जागा करा. लेबल करा, त्यावर गावाची काहीतरी खूण टाका."

गावाची खूण म्हणजे पूल, याबद्दल वाद नव्हता. आमच्याकडे दुसरं आहेच काय? सात कमानींचा दगडी पूल, दीडशे वर्षांचा. शाळेतल्या पोरांना पाढे नंतर येतात, पुलाच्या सात कमानी आधी. बाहेरगावी कोणी विचारलं कुठले, तर आम्ही सात कमानींचे असं सांगतो आणि समोरच्याला काही कळलं नाही तर त्याची कीव करतो.

काकू रस्ता ओलांडून माझ्याकडे आल्या. "पेंटर, लेबल काढून द्या. पूल हवा. खाली लिहा, आपल्या गावचा ब्रश."

तीन वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्याकडे हाताने काढलेलं काही मागत होतं. मी लगेच हो म्हणालो नाही, जरा भाव खाल्ला. मग त्या गेल्यावर स्टुलावर बसलो, कागद मांडीवर घेतला आणि समोर बघत दोन दिवस पूल काढला. एकेक दगड काढला. पाण्यातलं प्रतिबिंबसुद्धा काढलं. खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतकं चांगलं चित्र मी काढलं नव्हतं. काकूंनी बघितलं, मिस्त्रींनी बघितलं, छापखान्यावाल्याने बघितलं. सगळे म्हणाले, वा. दहा हजार लेबलं छापून आली. कपड्यांचे, बुटांचे, फरशीचे, बाटल्यांचे ब्रश झाले, प्रत्येकाला लेबल गुंडाळलं आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने दोन खोकी आपल्या काउंटरवर ठेवली.

पहिल्या आठवड्यात एकही विकला गेला नाही. किराणावाला म्हणाला, "लोक हातात घेतात, वाचतात, विचारतात गावात ब्रश कधीपासून व्हायला लागले, आणि ठेवून देतात. त्यांना वाटतं बाहेरचाच माल आहे, नुसतं गावाचं नाव लावलंय."

दुसऱ्या आठवड्यात मास्तर आले. हे निवृत्त शाळामास्तर. पस्तीस वर्षं त्यांनी गावातल्या सगळ्यांना शिकवलं, मलाही, आणि अजून आमच्या चुका काढायचं सोडलेलं नाही. ते किराणावाल्याकडून तडक कारखान्यात आले. हातात लेबल होतं.

"किती कमानी आहेत या?" त्यांनी विचारलं.

"सात," काकू म्हणाल्या.

"मोजा."

काकूंनी मोजल्या. पुन्हा मोजल्या. थोरलीने मोजल्या. मग सगळ्यांनी दारातून माझ्याकडे बघितलं.

त्या दिवसापासून गावात दुसरा विषय उरला नाही. मंदी गेली तेल लावत, सगळे सातव्या कमानीवर बोलायला लागले. माणसं किराणावाल्याच्या दुकानात शिरायची, ब्रश उचलायची, बोटाने कमानी मोजायची आणि तावातावाने बाहेर पडायची. न्हाव्याने खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला लेबल दाखवलं. एकाने म्हटलं, हा आमच्या गावाचा अपमान आहे. दुसऱ्याने म्हटलं, हे ब्रश बाहेरचेच, गावचा माणूस अशी चूक करेल का? हे दुसरं म्हणणं सगळ्यांना पटलं. ब्रश गावचा आहे हे सांगायला जे लेबल केलं, त्यानेच तो गावचा नसल्याचं सिद्ध झालं. किराणावाल्याने दोन्ही खोकी परत पाठवली. वर निरोप दिला, राग मानू नका, पण माझ्या दुकानात भांडणं नकोत.

मी काय केलं ते सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. मी म्हणालो, लेबलाला जागा कमी होती. सात कमानी मावत नव्हत्या म्हणून एक सोडली. हे मी मिस्त्रींना सांगितलं, मास्तरांना सांगितलं आणि काकूंनाही सांगितलं. साफ खोटं. जागा भरपूर होती. एक कमान कुठे गेली ते मला स्वतःलाच कळत नव्हतं. मला कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सातच म्हटलं असतं. पण चूक कबूल करायची म्हणजे उरलंसुरलं नाक कापून द्यायचं, आणि माझ्याकडे तेवढंच शिल्लक होतं.

दोन दिवसांनी काकू दुपारच्या वेळी आल्या. भांडायला आल्या असतील म्हणून मी तयारीत बसलो होतो. त्या म्हणाल्या, "शेठना फोन करणार आहे. पहिल्या तारखेला किल्ली घेऊन जा म्हणते."

"एवढ्याशा चुकीसाठी?"

"चुकीसाठी नाही. दहा हजार लेबलं पुन्हा छापायची ऐपत नाही माझी. आणि छापली तरी गावाचा विश्वास उडाला तो उडाला." त्या उंबऱ्यातच उभ्या होत्या. "तुम्ही चूक केलीत त्याचं मला काही नाही हो. पण जागा नव्हती असं तुम्ही मला सांगितलंत. मला. थोरलीला मी आता काय सांगू?"

त्या रागावल्या असत्या तर मी सहन केलं असतं. त्या रागावल्या नव्हत्या. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला, स्वतःवरच, आणि तसं झालं की मी दुसऱ्यावर ओरडतो. मी स्टुलावरून उठलो.

"जे दिसलं ते काढलं मी," मी म्हणालो. "चाळीस वर्षं जे दिसतंय तेच काढलं. मी काय आंधळा आहे? बसा इथे. बसा आणि मोजा."

काकू बसल्या. चाळीस वर्षांत त्या माझ्या स्टुलावर पहिल्यांदाच बसत होत्या. बसतील कशाला, त्यांचं सगळं आयुष्य समोरच्या छपराखाली गेलेलं. त्यांनी चष्मा पुसला आणि पलीकडच्या काठापासून मोजायला सुरुवात केली. ओठ हलताना दिसत होते. मग थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

"सहाच आहेत," त्या म्हणाल्या.

मीही वाकून त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत बघितलं. सहाच होत्या. सहावी संपली की काकूंच्या कारखान्याची भिंत सुरू व्हायची.

"सातवी गेली कुठे?" त्यांनी विचारलं आणि विचारता विचारताच त्यांना कळलं. "अहो पेंटर, ती आमच्या मागच्या दारी आहे. थोरली तंतू वाळत घालते ती."

सातवी कमान आमच्या काठावरची, कोरड्या जमिनीवरची. एका बाजूने नदीची संरक्षक भिंत, दुसऱ्या बाजूने कारखाना. तिच्याकडे जायला वाट एकच, कारखान्याच्या आतून मागच्या दाराने. पलीकडच्या काठावरून, गिरणीच्या फाटकातून ती लांबून दिसते, पण तिच्याखाली काकूंच्या माणसांखेरीज कोणी कधी गेलेलं नव्हतं. आणि माझ्या स्टुलावरून तर ती दिसणं शक्यच नव्हतं, कारण तिच्यासमोर काकूंचा कारखाना उभा होता. माझ्या हाताने इमानेइतबारे सहा काढल्या आणि माझं डोकं सात आहेत असं समजून बसलं.

मला इतकं हायसं वाटलं की मी मान्य करून टाकलं. "जागा भरपूर होती," मी म्हणालो. "मी खोटं बोललो तुमच्याशी. मला माहीत नव्हतं चूक कशी झाली, म्हणून बोललो."

"ते मला तेव्हाच कळलं होतं," काकू म्हणाल्या. पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या स्टुलावर बसून आपल्याच छपराकडे बघत होत्या, कोणाचं तरी नवं घर बघावं तसं. मग म्हणाल्या, "पेंटर, एक रबरी शिक्का करून आणा."

शिक्क्यावर मजकूर काकूंचा, अक्षर माझं: सातवी कमान आमच्या कारखान्यामागे आहे. येऊन मोजा.

तिन्ही बायका, काकू आणि मिस्त्री, सगळ्यांनी बसून लेबलांवर शिक्के मारले. जावईबापू फोनवर म्हणाले, "आई, चूक अशी उघड करतात का कोणी? लोक हसतील." काकू म्हणाल्या, "हसायला तरी येतील." किराणावाल्याला एकच खोकं ठेवून घ्यायला राजी केलं, तेही काउंटरखाली.

पहिले आले ते अर्थात मास्तर. छत्रीच्या टोकाने त्यांनी दार ढकललं. मिस्त्री त्यांना मशीनपासून, लाकडाच्या चळतींमधून, बायकांच्या बाकड्यापासून मागच्या दाराने घेऊन गेले. मी मुद्दाम मागोमाग गेलो. खाली सात-आठ पायऱ्या, आणि पुढे कमान. आत गारवा होता. दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर पिवळट तंतूंच्या जुड्या वाळत होत्या. मास्तर आत जाऊन उभे राहिले. वर बघितलं. दगडावर हात ठेवला.

"पस्तीस वर्षं मी पोरांना सात शिकवल्या," ते म्हणाले. "सातवीखाली आज पहिल्यांदा उभा राहिलो."

त्यानंतर मास्तरांनी गावभर काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी न्हावी आला, बायकोला घेऊन. मग चांभार आला. मग गिरणीची माणसं आली, त्यांना चार दिवस सुट्टीच होती आणि घरचे नळ त्यांच्यापासून वाचवायचे होते. शाळेचे वर्ग आले. जो तो म्हणायचा, आपल्या गावात जन्म गेला आणि ही जागा बघितली नाही. मिस्त्री सगळ्यांना आत नेऊन माहिती सांगायचे. पहिल्या दिवशी ती माहिती खरी होती. चौथ्या दिवसापर्यंत त्यांनी या कमानीचे दगड सर्वांत आधी बसवले असं ठरवून टाकलं, आणि आठवड्याने ते दगड बसवणारा गवंडी त्यांच्या पणजोबांचा मित्र निघाला. पण मिस्त्रींना इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तरतरी आलेली मी बघत होतो, म्हणून मी मूग गिळून गप्प राहिलो.

कमान बघायला गाव लोटलं हे खरं, पण ब्रश घेईना. बघायचे, दगडाला हात लावायचे, छान छान म्हणायचे आणि निघून जायचे. शेठ यायला बारा दिवस उरले होते. काकू कातावल्या. "फुकट तमाशा झालाय माझ्या कारखान्याचा," त्या म्हणाल्या.

मार्ग काढला थोरलीने. ती कोणाशी फार बोलत नाही. चांभार परत जाताना तिच्या बाकड्यापाशी घुटमळला तर तिने त्याच्या हातात पक्कड दिली आणि तयार ब्रश पुढे केला. "ओढून बघा," म्हणाली. चांभार म्हणजे हाताचा पक्का माणूस, रोज टाके ओढणारा. त्याने एक झुपका पकडला आणि ओढला. मग पाय रोवून ओढला. झुपका हलला नाही. थोरलीने शेजारी बाजारातला प्लास्टिकचा ब्रश ठेवला. त्याचा झुपका पहिल्याच झटक्याला हातात आला, पिनेसकट.

चांभाराने दोन्ही ब्रश उलटसुलट करून बघितले. "हे इथे करता तुम्ही?" त्याने विचारलं. "आणि मी बूट पुसायला बाहेरचा ब्रश वापरतो?" त्याला आपलीच लाज वाटली असं मला वाटलं. त्याने बुटांचे तीन ब्रश घेतले आणि चौथा वेगळ्या आकाराचा करून मागितला, टाचेच्या खोबणीत जाईल असा.

मग पक्कड बाकड्यावर बांधूनच ठेवली. येणारा प्रत्येक जण कमान बघून आला की झुपका ओढायचा. तरणी माणसं तर पैज लावून ओढायची. न्हाव्याने मानेवरचे केस झाडायला मऊ ब्रश मागितला. चहावाल्याने त्याच्या निमुळत्या ग्लासांच्या मापाचा मागितला. शाळेने फरशीचे मागितले. बाहेरच्या मालात असं मापाने कोण करून देतं? जावईबापू म्हणत होते तो गावाचा अभिमान माणसांना दारापर्यंत घेऊन आला हे मी नाकारत नाही. पण ब्रश विकले ते थोरलीच्या तारेने.

पहिल्या तारखेला शेठ आले. सोबत कुलूप घेऊन आले होते, नवं, खोक्यातलं. आत पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तर एका वर्गाला रांगेत उभं करून कमानीकडे नेत होते, मिस्त्री पणजोबांच्या मित्राबद्दल सांगत होते आणि बायकांना मान वर करायला फुरसत नव्हती, इतकं काम होतं. थोरलीचे हात मात्र शेठना बघून थांबले. मी दारातूनच बघत होतो. पुढे काय होणार ते मलाही ठाऊक नव्हतं, कारण काकूंनी शेवटपर्यंत कोणाला काही सांगितलं नव्हतं.

"काय ठरलं, ताई?" शेठनी विचारलं.

काकू वडिलांच्या खुर्चीत बसल्या होत्या. समोर तयार ब्रशांचा ढीग होता. त्यांनी हातातल्या ब्रशाला झटका दिला, झुपका तपासला, ब्रश बाजूला ठेवला.

"जागा रिकामी नाही," त्या म्हणाल्या. "चहा घेऊन जा."

थोरलीने तार ओवली आणि ओढली. शेठ खरंच चहा पिऊन गेले. मी सांगितलं ना, गोड माणूस.

असं नाही की त्यानंतर सोन्याचे दिवस आले. गिरणी अजून तीनच दिवस चालते. काकूंनी नवीन माणूस ठेवलेलं नाही, नवीन मशीन घेतलेलं नाही. महिना कधी बरा जातो, कधी ओढूनताणून. पण तिघी रोज सकाळी येतात, संध्याकाळी घरी जातात, आणि अशा काळात याला किती किंमत आहे ते आम्हाला कळतं. मलाही थोडं काम मिळालं. चांभाराने लेबल मागितलं, चहावाल्याने पाटी. पाटी रंगवून, फ्लेक्स नाही.

वर्षाने दहा हजार लेबलं संपली. काकू रस्ता ओलांडून आल्या. "नवीन काढून द्या," म्हणाल्या. "या खेपेला नीट."

मी नीट म्हणजे काय ते विचारलं नाही. पलीकडच्या काठावर जाऊन गिरणीच्या फाटकाशी उभा राहिलो, सातही कमानी मोजल्या आणि पूल काढला. चित्र बरं झालं. घरी येऊन भिंतीला लावलं आणि दोन दिवस बघत राहिलो. सात कमानी होत्या, एकही कमी नव्हती, आणि त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. कोणीही काढलं असतं. मी ते फाडलं.

मग माझ्या स्टुलावर बसलो, पुन्हा कागद मांडीवर घेतला. पलीकडच्या काठापासून सहा कमानी काढल्या. सहावी संपली तिथे या खेपेला थांबलो नाही. पुढे कारखान्याची भिंत काढली, पत्र्याचं छप्पर काढलं, उघडं दार काढलं. दारातून आत बाकड्यावर वाकलेल्या तिघी काढल्या, आणि खुर्चीतल्या काकू. चेहरे काढायला जागा नव्हती. हे मात्र खरं.

काकूंनी चित्र हातात घेतलं आणि दारातल्या उजेडात नेऊन धरलं, तशी मी भांडायची तयारी केली. शेवटी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "तुमच्या टर्पेंटाइनने डोळे चुरचुरतात हो." त्या दिवशी मी डबा उघडलेलाच नव्हता.

नवीन लेबल लावलेला पहिला ब्रश आम्ही मुद्दाम मास्तरांना दिला. ते कारखान्याच्या दारात उभे राहिले, चष्मा कपाळावर नेला, लेबल डोळ्यांजवळ धरलं आणि बोटाने मोजायला लागले. आम्ही सगळे बघत होतो. थोरलीसुद्धा उठून आली होती.

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा," मास्तरांनी मोजलं. बोट थांबलं. मग ते सावकाश पुढे सरकलं आणि कारखान्याच्या छपरावर टेकलं.

"सात," मास्तर म्हणाले, आणि फरशीचे दोन ब्रश बांधून मागितले.